कुकडीकाठचे रांजण

आमच्या गोव्यात रांजण हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. न्हाणीतले भाण गेले, अंगणातली मातीची माण गेली, नळ आला आणि पाणी साठवून ठेवायची घाईही संपली. पण घाटावर, त्यातही सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, रांजण ही वस्तू अजून जिवंत आहे. ज्या मुलखात पाण्याचा भरवसा नाही, तिथे पाणी राखणाऱ्या भांड्याला मान असतो. पुणे आणि अहिल्यानगर (म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर) या दोन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कुकडी नावाच्या एका नदीच्या वाटेवर असे दोन तऱ्हेचे दगडी रांजण आहेत. पहिला माणसाने कोरला, तो नाणेघाटाच्या माथ्यावर. दुसरे नदीने कोरले, ते निघोज गावाजवळ. पहिल्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत पानेच्या पाने आहेत. दुसऱ्यांबद्दल सहलीच्या माहितीपत्रकात चार ओळी. हा पंक्तिप्रपंच मला बरोबर वाटत नाही, म्हणून हा लेख.

तिकडे मी पोहोचलो तो सुरतेवरून. ऐकायला विचित्र वाटेल, पण वाट खरोखर तशीच होती. सुरतेजवळ सचिन म्हणून गाव आहे. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे माहीत आहे, कापडाच्या गिरण्या आणि रसायनांचे कारखाने. आमचे एक जवळचे नातेवाईक तिथे नोकरीला आहेत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत अर्जित रजा शिल्लक होती, तेव्हा त्यांच्याकडे चार दिवस काढले. "इथे बघण्यासारखे काही नाही हो," असे ते सारखे म्हणत होते. पण ज्याला इतिहासाचा नाद आहे त्याला बघण्यासारखे काही नाही असे गाव भारतात सापडणे कठीण!

सचिन हे ब्रिटिश अमदानीत एक छोटे संस्थान होते, आणि त्याचे नवाब होते सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतून आलेले. ते इथे आले कोठून? तर आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याहून. जंजिऱ्याच्या गादीवरून तंटा झाला, तेव्हा त्या घराण्यातला बाळूमियाँ ऊर्फ अब्दुल करीम खान पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ साली करार झाला. त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून द्यायचा आणि बदल्यात सुरतेजवळची काही गावे घ्यायची. त्या गावांचे झाले सचिन संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. पेशव्यांना मात्र जंजिरा कागदावरच मिळाला, प्रत्यक्षात कधीच नाही. सरकारी कचेरीत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. फाईल निकाली निघते, काम तसेच राहते.

आता हे सिद्दी जंजिऱ्यावर बळावले ते अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत. आणि निजामशाहीचा जन्म कुठला? जुन्नरचा. बहामनी राज्य खिळखिळे झाले तेव्हा मलिक अहमद हा जुन्नर प्रांताचा कारभार पाहत होता. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले. हीच ती निजामशाही, जिच्या फौजेने १५७०-७१ साली पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला, त्याच वेळी विजापूरचा आदिलशहा आमच्या गोव्याच्या वेशीवर येऊन बसला होता. म्हणजे सचिनच्या नवाबांचा माग काढत मागे गेलो की जंजिरा, जंजिऱ्यावरून अहमदनगर आणि अहमदनगरवरून जुन्नर. मी हाच माग धरला. सुरतेकडून रेल्वेने खाली येऊन कल्याण गाठले आणि तिथून माळशेज घाट चढून जुन्नरला उतरलो. परतीची वाट अशीही सह्याद्रीवरूनच होती.

जुन्नर परिसराबद्दल लिहायचे तर स्वतंत्र लेखमाला लागेल. शिवछत्रपतींचा जन्म झाला तो शिवनेरी गावाच्या डोक्यावरच उभा आहे. आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत. त्यांतल्या काही लेखांत देणगी देणारे स्वतःला 'यवन' म्हणवतात. पश्चिमेच्या समुद्रावरून आलेले हे लोक इतक्या आत येऊन दान देत होते, याचे कारण एकच, जुन्नर व्यापाराच्या वाटेवर होते. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल घाट चढून वर येई, तो नाणेघाटाने.

नाणेघाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरला आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख मानला जातो. त्यात राजाने केलेल्या यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली त्याचे आकडे आहेत. आकडे म्हणजे खरोखरचे अंक! आज आपण जे अंक लिहितो त्यांच्या पूर्वजांचा हा फार जुना नमुना म्हणून जगभरच्या गणिताच्या इतिहासात नाणेघाटाचे नाव घेतले जाते. लोक याला शिलालेख म्हणतात, मला तो जमाखर्चाचा जाबता वाटला. कोणी एक कारकून, नाव न ठेवता गेलेला, आकडे सांगत असेल आणि पाथरवट छिन्नी मारत असेल. त्याच गुहेत सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत, भिंतीवर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मूर्ती गेल्या, हिशेब राहिला!

गुहेपासून थोडे वर, घाटाच्या खिंडीजवळ, तो दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी यात टाकायची, अशी परंपरेची हकिकत. घाटाचे नावही नाण्यांवरूनच पडले असे सांगतात. रांजण नाण्यांनी भरत होता की तहानलेल्या बैलांसाठी पाण्याने, यावर वाद घालता येईल. पण माणसाने कातळ पोखरून पोटभर जागा केली, काहीतरी साठवण्यासाठी, एवढे नक्की.

नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांना दिसते. समोर कोकण, खोल, हिरवे. पाठीमागे देश, उतरत जाणारा. कड्याच्या या बाजूला पडलेला पावसाचा थेंब अरबी समुद्राला जातो, त्या बाजूला पडलेला थेट बंगालच्या उपसागराला. पाठीमागच्या त्या उतारावर, कुकडेश्वराच्या जुन्या शिवमंदिराच्या परिसरात, कुकडी उगम पावते. जुन्नर तालुका ओलांडून ती पूर्वेला जाते, पुढे घोडनदीला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. उगमापाशी पाऊस आमच्या सत्तरीसारखा कोसळतो. पण पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटर जाल तर तोच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पर्जन्यछाया प्रकरण नकाशावर कळते, पण अंगाला कळत नाही. आळेफाट्याहून बेल्ह्याच्या दिशेने निघाल्यावर ते कळू लागते. झाडे खुजी होतात, बाभळी वाढतात, माळ उघडे पडतात, मातीचा रंग उडाल्यासारखा होतो. हे राजस्थानी वाळवंट नव्हे, पण वाळवंटाचा पुतण्या म्हणायला हरकत नाही.

अशा या मुलखात पारनेर तालुक्यातले निघोज आहे. गावापासून थोड्या अंतरावर कुकडीचे पात्र लागते. तिथे नदी ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडे पारनेर, पलीकडे शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी. या जागेला लोक 'कुंड' म्हणतात. आपल्याकडे नदीतल्या खोल डोहाला कोंड म्हणतात, त्याचाच हा भाऊ. पण आपल्या कोंडीत पाणी दिसते, दगड दिसत नाही. इथे फेब्रुवारीत पाणी तळाशी गेलेले असते आणि सगळा दगड उघडा पडलेला असतो.

आणि तो दगड! काळ्याकुळकुळीत कातळाला असंख्य भोके. काही वाटीएवढी, काही घंगाळाएवढी, काहींत माणूस उभा मावेल, काही इतकी खोल की आत डोकावताना पोटात गोळा येतो. तोंड गोल, पोट फुगीर, भिंती हाताने घासल्यासारख्या गुळगुळीत आणि त्यांवर फिरकीच्या रेषा. हुबेहूब रांजण. दोन रांजण शेजारी शेजारी वाढत गेले की मधली भिंत पातळ होते, तिला खिडकी पडते आणि एके दिवशी ती कोसळते. मग दोघांचा एक होतो. असे हजारो एकमेकांत मिसळून नदीची एक अरुंद, वेडीवाकडी घळ झाली आहे. मराठीत यांना 'रांजणखळगे' म्हणतात. शास्त्रीय शब्द इतका घरगुती असावा, हे आपल्या भाषेचे भाग्य.

हे घडते कसे, ते समजून घ्यायला भूगर्भशास्त्राची पदवी नको. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला रगडा आठवा. दगडात खळगा, खळग्यात दगडी गुंडा, गुंडा फिरतो आणि मधले वाटण बारीक होते. वर्षानुवर्षे फिरून खळगाही खोल होत जातो. नदी नेमके हेच करते. पुराचे पाणी कातळावरून जोरात धावते. जिथे कातळाला भेग आहे, मऊ जागा आहे, तिथे पाण्याचा भोवरा होतो. वाहत आलेला एखादा गोटा त्यात सापडतो, बाहेर पडू शकत नाही आणि गरगर फिरत राहतो. सोबतीला वाळू असते. गोटा झिजतो, कातळही झिजतो. एक गोटा संपला की पुढच्या पावसात दुसरा येतो. आजही कित्येक खळग्यांच्या तळाशी हे गोल गोटे पडलेले दिसतात. म्हणजे कारागीर काम अर्धे टाकून उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेला आहे, हत्यारे तिथेच आहेत.

हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. आज उरलेले त्याचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. सचिनपासून जुन्नरपर्यंत मी आलो तो बहुतेक याच लाव्हाच्या राज्यातून. जुन्नरची लेणी त्यात आहेत, नाणेघाटाचा रांजण त्यात आहे, निघोजचे रांजणही त्यातच. त्या लाव्हाची एक कड आमच्या गोव्यातही ईशान्येला सत्तरीच्या बाजूने शिरली आहे. म्हणजे हा दगड आपल्याला परका नाही.

अशा जागा जगात इतरत्र आहेत. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर 'बर्क्स लक' नावाचे खळगे आहेत, सोने शोधणाऱ्या बर्क नावाच्या माणसावरून नाव पडले. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न शहरात हिमनदीच्या पाण्याने कोरलेले खळगे १८७२ मध्ये सापडले, त्यांच्याभोवती बाग आणि संग्रहालय उभे राहिले. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक दगडी कमानी आहेत, तिथे १९७१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. या सर्व ठिकाणी दगड कसा घडला हे सांगणारा माणूस किंवा निदान फलक असतो. आपल्याकडे दगड कसा घडला हे देवी सांगते. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट मौज वाटते.

कुंडाच्या काठी मळगंगा देवीचे देऊळ आहे. निघोजची ही ग्रामदेवता, चैत्रात तिची मोठी यात्रा भरते. यात्रेच्या काळात विहिरीतून देवीची घागर आपोआप वर येते अशी भक्तांची श्रद्धा आहे. श्रद्धेची चिकित्सा करायला मी गेलो नव्हतो. पण घागरच का, हा प्रश्न मला सोडेना. आमची सातेरी रोयणीच्या म्हणजे वारुळाच्या रूपात प्रकट होते, कारण ओल्या, लाल मातीच्या आमच्या मुलखात जमीन अशीच फुगून वर येते. पारनेरच्या कोरड्या माळावर देवी वर येते ती पाण्याची घागर होऊन. जो मुलूख ज्याच्यासाठी आसुसलेला असतो, त्याच रूपात त्याचा देव येतो. नाणेघाटाचा रांजण, निघोजचे रांजणखळगे आणि मळगंगेची घागर, एकाच नदीच्या वाटेवर तीन भांडी! यातले एक राजाचे, एक निसर्गाचे, एक लोकांचे.

आणि आता चौथे भांडे, सर्वांत मोठे. कुकडी प्रकल्पाची धरणे. माणिकडोह आणि येडगाव ही कुकडीवर, शिवाय वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे शेजारच्या नद्यांवर. वरच्या अंगाचा पाऊस या धरणांत अडवायचा आणि कालव्यांनी खालच्या कोरड्या तालुक्यांना द्यायचा, अशी योजना. त्याने शेते भिजली, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. ज्या पारनेरमध्ये राळेगणसिद्धीसारख्या गावाला १९७५ नंतर पावसाचा थेंब न् थेंब अडवून उभे राहावे लागले, तिथे कालव्याच्या पाण्याची किंमत बाहेरच्याने सांगू नये. आजही कालव्याचे आवर्तन कधी सुटणार आणि कोणाला किती मिळणार, यावरून तालुक्यातालुक्यांत कुरबुरी होतात.

याच पारनेरमध्ये १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट जन्मले. मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी त्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला आणि त्या लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचा तालुका आज धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो, यात विसंगती दिसेल. मला ती दिसत नाही. सेनापतींचा प्रश्न धरण हवे की नको एवढाच नव्हता. पाणी कोणाचे, जमीन कोणाची आणि किंमत कोणी मोजायची, हा होता. तो अजून सुटलेला नाही. आणि गोवेकरांनी तर या माणसाला विसरताच कामा नये. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. आपल्या मुक्तीसाठी चौऱ्याहत्तराव्या वर्षी मार खाणारा हा म्हातारा कुकडीकाठच्या या तहानलेल्या तालुक्यातला होता, हे मला पारनेरच्या रस्त्यावर उभे राहिल्यावर जास्त जवळून कळले.

पण धरणांनी आणखी एक गोष्ट बदलली, जिचा हिशेब कोणत्याच जाबत्यात नाही. रांजण कोरायला तीन गोष्टी लागतात, पुराचा जोर, गोटे आणि वाळू. पूर वर अडतो. गोटे आणि वाळू धरणाच्या भिंतीमागे गाळाबरोबर बसतात. खाली नदीत जी वाळू उरते ती उपसायला माणसे टपलेली असतात, महाराष्ट्रातल्या कोणत्याही नदीकाठी विचारा. म्हणजे कारागिराची मजुरी कापली आणि हत्यारेही काढून घेतली. निघोजचे खळगे उद्या नाहीसे होणार नाहीत, दगड तेवढा चिवट आहे. पण जे हजारो वर्षे चालू असलेले काम होते, ते हळूहळू बंद पडलेल्या कारखान्यासारखे होईल. पाहायला जागा राहील, घडणे थांबेल.

त्यात आपली भर. गुळगुळीत कातळावर ऑइलपेंटने लिहिलेली नावे, बदामात बाण. खळग्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या. पाण्याचा गोटा फिरायचा तिथे पाण्याची बाटली! नाणेघाटाच्या लेखावर कोणी नाव कोरले तर निदान चार माणसे हळहळतील, वर्तमानपत्रात पत्र येईल. निघोजच्या दगडावर रंग फासला तर 'दगडच आहे तो' म्हणून विषय संपतो. जिथे अक्षर आहे तो वारसा आणि जिथे अक्षर नाही तो माल, अशी आपली सवय झाली आहे.

ही सवय गोव्याला किती महाग पडली ते वेगळे सांगायला नको. आमच्या डोंगरांवर कोणी शिलालेख कोरला नव्हता, म्हणून ते खनिज ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबवल्या तोवर कितीतरी डोंगर बोटीत बसून परदेशी गेले होते. उलट कुशावती नदीच्या काठी सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळ येथे, पणसायमळ म्हणतात त्या जागी, जांभ्या कातळावर बैल, हरणे आणि ते चक्रव्यूहासारखे वर्तुळ आहे. ते १९९३ च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेस आले आणि आज आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. माणसाचा हात लागल्याचा पुरावा मिळाला, म्हणून तो कातळ वाचला. त्याच कुशावतीने त्या कातळाला जो आकार दिला, त्याची दखल मात्र कोणी घेत नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. निघोजला जायचे तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्यात खळगे पाण्याखाली असतात आणि पाणी ओसरल्यावरही कडेचा दगड निसरडा असतो, तेव्हा फोटोच्या नादात पुढे पाऊल टाकू नका. शक्य असेल तर आधी नाणेघाट पाहा आणि मग नदीबरोबर खाली या. वाटेत इतिहास आणि भूगोल अशी दोन वेगळी पुस्तके का केली, असा प्रश्न पडेल. आणि तेवढ्या लांब जाणे जमणार नसेल, तर मार्च-एप्रिलात पाणी आटल्यावर आपल्या गावचा व्हाळ एकदा वरपर्यंत चढून पाहा. कातळात वाटीएवढा जरी गोल खळगा दिसला आणि त्यात एखादा गोटा असला, तर तो उचलून घरी आणू नका. तो तिथे कामावर आहे.